गिरमिटाच्या नव्या पात्यांची पारख

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण मराठी मुलाच्या कानावर लहानपणीच पडते. स्वतःच्या उणिवेचे खापर साधनावर फोडू नये, ही तिची शिकवण योग्यच आहे. परंतु हस्तव्यवसायाच्या तासाला शिक्षकाने या म्हणीचा उपयोग जपून केला पाहिजे. कारण तेथे अंगण खरोखरच वाकडे असण्याचा संभव असतो.

समजा, सातवीतील एक विद्यार्थी सागाच्या फळीला छिद्र पाडीत आहे. त्याने खूण अचूक केली आहे, फळी घट्ट बांधली आहे आणि ब्रेस सरळ धरला आहे. तरीही पाते पुढे सरकत नाही. शिक्षक म्हणतात, “जोर लाव.” तो जोर लावतो. फळीच्या कडेचे तंतू उपटून येतात, छिद्र वेडेवाकडे होते आणि अखेरीस फळी चिरते. शेजारची मुले हसतात. त्या दिवशी तो मुलगा एवढेच शिकतो की, आपल्या हातात कला नाही. वस्तुतः त्याच्या हातात कोणताही दोष नव्हता. कारखान्यातून आलेले ते कोरे पाते पहिल्या दिवसापासूनच लाकूड कापण्यास असमर्थ होते. नव्या वस्तूत दोष असेल ही शंका मात्र कोणालाच आली नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या सहवासात शिकावे, असे सुचविले आहे. हे दिवस सार्थ व्हावयाचे असतील, तर शाळेच्या कपाटातील हत्यारे केवळ नोंदवहीत ‘सुस्थितीत’ असून भागणार नाही. ती लाकडातही सुस्थितीत असली पाहिजेत. त्या दृष्टीने गिरमिटाचे पाते हा अभ्यासाचा उत्तम विषय आहे. करवतीचा किंवा पटाशीचा बोथटपणा बोट न लावताही बहुधा ओळखू येतो. गिरमिटाच्या पात्याचे कार्य मात्र लाकडाच्या पोटात चालते, म्हणून त्याचे दोष दडून राहतात.

पात्याची रचना

ब्रेसमध्ये बसवून हाताने फिरवावयाच्या पात्याचे सहा भाग ध्यानात ठेवावेत. सर्वांत खाली टोकाशी एक लहान, निमुळते मळसूत्र असते. त्याच्या दोन्ही बाजूंस, परिघावर, खाली आलेली दोन तीक्ष्ण नखे असतात. नखांच्या किंचित वर दोन आडव्या धारा असतात. धारांच्या वरची मोकळी जागा म्हणजे घसा. त्याच्यावर पीळ चढत जातो आणि शेवटी दांडा व त्याची निमुळती चौकोनी शेपूट येते. ही शेपूट ब्रेसच्या जबड्यात अडकते.

यांतील प्रत्येक भागाला स्वतःचे काम आहे. मळसूत्र लाकडात शिरते आणि पात्याला आत ओढते. त्यामुळे गिरमिट हे मुख्यतः ढकलण्याचे हत्यार नसून स्वतः ओढून घेणारे हत्यार आहे. नखे वर्तुळ आखतात व त्याच वेळी परिघावरील तंतू तोडतात. मुलांना हे समजावून देण्यास परकाराचे उदाहरण पुरेसे आहे : मळसूत्र ही परकाराची सुई व नख ही त्याची पेन्सिल. तंतू तुटल्यानंतर आडव्या धारा आतील लाकूड पातळ पापुद्र्यांच्या रूपाने उचलतात. हे पापुद्रे घशातून वर येतात आणि पीळ त्यांना छिद्राबाहेर वाहून नेतो.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी नखांनी तोडावयाचे आणि मग धारांनी उचलावयाचे. नखे आखूड असली, तर तंतू तुटण्यापूर्वीच धारा ते उचलू लागतात व छिद्राची कड फाटते. दोन धारा समान उंचीवर असणेही तितकेच आवश्यक आहे. एका फेऱ्यात मळसूत्र पात्याला १/८ इंच आत ओढीत असेल, तर समान उंचीच्या दोन धारांपैकी प्रत्येकीच्या वाट्यास १/१६ इंच जाडीचा पापुद्रा येतो. परंतु एक धार खाली व दुसरी वर राहिली, तर खालच्या धारेला जवळजवळ संपूर्ण १/८ इंचाचा भार एकटीने उचलावा लागतो. जोर वाढतो, मळसूत्राभोवतीचे तंतू तुटतात, ओढ नाहीशी होते आणि पाते जागच्या जागी फिरू लागते. विद्यार्थ्याच्या ‘अंगात जोर नाही’ असे ज्या प्रसंगी म्हटले जाते, त्या प्रसंगी अनेकदा हे भूमितीचेच कारण असते.

दोन प्रसिद्ध घाट

आज दिसणारी हातगिरमिटाची बहुतेक पाती एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थिरावलेल्या दोन घाटांची आहेत. पहिला घाट रसेल जेनिंग्ज यांचा. कनेक्टिकट राज्यातील या संशोधकाने १८५५ मध्ये आपल्या पात्याचे पेटंट मिळविले. या घाटात पोलादाची चपटी पट्टी तापवून पिळलेली असते, त्यामुळे दोन समांतर पीळ दिसतात. पापुद्रे वर येण्यास दोन वाटा मिळतात व छिद्राची भिंत गुळगुळीत होते. बारीक जोडकामास हा घाट विशेष मानला जातो. मात्र मधोमध भरीव दांडा नसल्यामुळे अविचाराने जोर लावला असता असे पाते वाकू शकते.

दुसरा घाट आयर्विन या नावाने ओळखला जातो. ओहायो राज्यातील एका लोहाराने भरीव दांड्याभोवती एकच पीळ चढविलेले पाते तयार केले. त्याचे हक्क विकत घेऊन चार्ल्स आयर्विन यांनी १८८५ मध्ये कंपनी स्थापन केली. भरीव मध्यामुळे हे पाते अधिक ताठ असते व सामान्य सुतारकामातील ओढाताण सहन करते. शाळेतील नवशिक्या हातांना हाच घाट अधिक मानवतो. याशिवाय कठीण लाकडासाठी नखांऐवजी वर वळलेले पंख असलेला स्कॉच घाट आणि जहाजबांधणीसाठी नखांशिवाय केलेली लांब पाती, असेही प्रकार आहेत. तेव्हा पात्यास नखे नाहीत एवढ्यावरून ते सदोष ठरवू नये; ते कोणत्या कामासाठी घडविले आहे हे आधी पाहावे.

दर्जा का घसरला?

विजेचे ड्रिल सुतारांच्या हातात येईपर्यंत ब्रेस व गिरमिट हे छिद्र पाडण्याचे मुख्य साधन होते. पात्याचा गिऱ्हाईक दिवसभर ते स्वतःच्या दंडाने फिरवीत असे. धार उणी असल्यास ती त्याला पहिल्याच फेऱ्यात जाणवत असे. असा गिऱ्हाईक हाच कारखान्याचा सर्वांत कडक तपासनीस होता. पिस्तुलासारख्या मुठीच्या विद्युत् ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकर या कंपनीला १९१७ मध्ये मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशी यंत्रे घरोघर पसरली. यंत्राची शक्ती बोथट धारेलाही लाकडातून रेटून नेते. तपासनीस गेला, त्याबरोबर तपासणीही सैल झाली.

गिरमिटाच्या पात्याची खरी किंमत त्याच्या पोलादापेक्षा त्याच्या अखेरच्या कामात असते. घडाई व पीळ यंत्रावर होतात. परंतु मळसूत्राचे आटे स्वच्छ करणे, दोन्ही धारा एका पातळीत आणणे, नखे आतून घासून तीक्ष्ण करणे, घसा गुळगुळीत करणे, ही कामे कुशल हात व वेळ मागतात. मागणी घटली आणि वस्तू स्वस्त करावयाची वेळ आली की प्रथम काटछाट होते ती याच कामात. म्हणून आजच्या स्वस्त पात्याचा आकार दुरून पाहता जुन्यासारखाच दिसतो, रंग व चकाकी तर जुन्याहून अधिक असते. उणीव असते ती शेवटच्या अर्ध्या इंचात, म्हणजे नेमकी जेथे लाकूड कापले जाते तेथे.

दुसरा फरक उपयोगाचा आहे. आजची पुष्कळशी पाती विजेच्या ड्रिलसाठी षट्कोनी शेपटीची केलेली असतात. जुन्या ब्रेसचा दोन पाकळ्यांचा जबडा चौकोनी निमुळत्या शेपटीसाठी घडविलेला असल्याने त्यात षट्कोनी शेपटीची पकड पक्की बसतेच असे नाही. अशा पात्यांचे मळसूत्रही कित्येकदा भरड आट्यांचे असते; यंत्राला ते सोसते, मुलाच्या दंडाला सोसत नाही. हा पात्याचा दोष नव्हे, निवडीचा दोष होय.

तथापि नवे ते सर्व टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जर्मनी व जपान या देशांत आजही काळजीपूर्वक घडविलेली पाती निघतात. मात्र त्यांची किंमत अधिक असते. तसेच जुन्या बाजारातील प्रत्येक पाते सोन्याचे नसते. नखे झिजलेली, मळसूत्र मोडलेले, अडाणी हाताने बाहेरून घासलेले असे जुने पाते नव्याहूनही वाईट ठरते. वयावरून नव्हे, पारखीवरून निर्णय घ्यावा.

खरेदीच्या वेळची पारख

पाते दुकानातच पुढीलप्रमाणे तपासावे. त्यासाठी चांगला उजेड व स्वच्छ फडके एवढीच सामग्री लागते.

१. मळसूत्र : टोक अणकुचीदार व मधोमध असावे. आटे तुटक किंवा रंगाने बुजलेले नसावेत. प्रत्येक आटा धारेच्या आरंभापर्यंत स्वच्छ वाहत जावा. मध्ये पोलादाचा गठ्ठा राहिलेला असेल, तर तेथे लाकूड दाटते व ओढ थांबते. सागासारख्या मऊसर लाकडास भरड आटे चालतात. बाभूळ, शिसव यांसारख्या कठीण लाकडास बारीक आटे हवेत.

२. नखे : दोन्ही समान लांबीची असावीत व आडव्या धारांच्या पुढे स्पष्टपणे आलेली असावीत. त्यांचा बाहेरचा पृष्ठभाग परिघाशी सरळ असावा. धार आतल्या बाजूने दिलेली असावी. बाहेरून घासल्याच्या खुणा दिसल्या, तर पाते घेऊ नये.

३. आडव्या धारा : पाते डोळ्यांसमोर आडवे धरून सावकाश फिरवावे. एकीमागून एक येणाऱ्या दोन्ही धारा एकाच पातळीवर आल्या पाहिजेत. धारेवर प्रकाशाची चकाकणारी रेघ दिसली, तर ती बोथट आहे असे समजावे. तीक्ष्ण धारेवर प्रकाश थांबत नाही.

४. सरळपणा : सपाट काचेवर पाते लोळवावे व पिळाखालून दिसणारी फट कमीजास्त होते का ते पाहावे. शक्य असल्यास ब्रेसमध्ये बसवून फिरवावे. मळसूत्राचे टोक एका जागी स्थिर राहिले, तर पाते सरळ आहे. टोक हवेत वर्तुळ काढू लागले, तर दांडा वाकडा आहे किंवा शेपूट मध्यावर नाही.

५. पाणी : पोलादाला दिलेले पाणी तपासण्यासाठी घशाच्या आतील बाजूस बारीक कानस हलकेच टेकवावी. ती धरली पाहिजे, परंतु कष्टाने धरली पाहिजे. कानस नुसती घसरली, तर पोलाद ठिसूळ असून नख तुटण्याचे भय असते. लोण्यासारखी चालली, तर धार टिकणार नाही.

यानंतरची खरी परीक्षा लाकडात होते. आंब्याच्या फळीचा एक व बाभळीचा एक, असे दोन निरुपयोगी तुकडे घ्यावेत. मळसूत्र रुजल्यावर ब्रेसवरचा दाब कमी करावा. चांगले पाते तरीही स्वतःला आत ओढीत राहते. बाहेर येणारा कचरा न्याहाळावा. सारख्या जाडीचे गुंडाळलेले पापुद्रे येत असतील, तर धारा ठीक आहेत. नुसता भुसा येत असेल, तर धारा बोथट आहेत. एकाच बाजूने जाड पापुद्रा येत असेल, तर धारांची उंची विषम आहे. छिद्राची कड खडबडीत असेल, तर नखे अपुरी आहेत. अशा रीतीने पात्याचा प्रत्येक दोष लाकडावर आपली सही करून जातो. ती वाचता आली पाहिजे.

काय सुधारता येते, काय नाही

नव्या पात्यातील काही दोष शाळेतच दूर करता येतात. घशातील रंग खरवडून काढता येतो. बोथट धारा व नखे बारीक, चपट्या कानशीने घासता येतात. मात्र दोन नियम कधीही मोडू नयेत.

पहिला नियम : नखे आतूनच घासावीत, बाहेरून कधीही नाही. बाहेरून घासल्यास नखांनी आखलेले वर्तुळ पिळाच्या जाडीहून लहान होते. मग पीळ स्वतःच्याच छिद्रात अडकतो व ते पाते कायमचे बाद होते. एका मिनिटाच्या उत्साहाने संपूर्ण पात्याचे नुकसान होते.

दुसरा नियम : आडव्या धारा वरच्या, म्हणजे घशाकडील, बाजूने घासाव्यात. धारेखालचा उतार लाकडाला न घासता पात्यास पुढे जाऊ देतो. तो बिघडला, तर कितीही तीक्ष्ण धार लाकडात शिरत नाही. घासताना पाते उलटे न धरता त्याचे मळसूत्र लाकडाच्या तुकड्यावर टेकवून उभे धरावे आणि घशातून कानस चालवावी. दोन्ही धारांवर सारखेच हात मोजून मारावेत. कानशीच्या कडेने मळसूत्राचे आटे दुखावणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

याउलट मध्य सोडून बसलेले मळसूत्र, धारांच्याही मागे राहिलेली आखूड नखे, वाकडी शेपूट व चुकीचे पाणी हे दोष शाळेत दुरुस्त होत नाहीत. असे पाते परत करावे. ते कपाटात ठेवल्यास नोंदवहीत एक हत्यार वाढते, शाळेत मात्र एकही वाढत नाही.

वर्गातील उपयोग

गिरमिटाचे पाते गणिताच्या तासालाही उपयोगी पडते. जुन्या पद्धतीत पात्यावर एकच अंक कोरलेला असतो व तो इंचाचे सोळांश दर्शवितो. ८ म्हणजे ८/१६, अर्थात अर्धा इंच. १२ म्हणजे पाऊण इंच. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या संपूर्ण संचात ४ ते १६ या अंकांची १३ पाती असतात. या अंकांची बेरीज १३० होते. १३० सोळांश म्हणजे साडेबत्तीस चतुर्थांश. आणि जुन्या अमेरिकी व्यापारात हा संच ‘साडेबत्तीस क्वार्टर’ याच नावाने विकला जात असे. हे नाव कोठून आले असावे, असा प्रश्न मुलांना विचारावा. समान अंतराने वाढणाऱ्या संख्यांची बेरीज त्यांना आपोआप करावीशी वाटेल.

मापांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या पात्याने पाडलेले छिद्र १२.७ मिलिमीटर होते. त्यात १२ मिलिमीटरची लाकडी खुंटी ०.७ मिलिमीटर सैल बसते व सांधा हलतो. १३ मिलिमीटरची ठोकल्यास लाकूड चिरण्याचा संभव असतो. म्हणून एकाच कामात पाते एका पद्धतीचे व खुंटी दुसऱ्या पद्धतीची घेऊ नये आणि खुंटी ठोकण्यापूर्वी टाकाऊ तुकड्यात एक चाचणीचे छिद्र अवश्य पाडावे.

छिद्र आरपार पाडताना मळसूत्राचे टोक पलीकडे दिसताच थांबावे, फळी उलटावी आणि त्याच बिंदूवरून दुसऱ्या बाजूने छिद्र पुरे करावे. त्यामुळे मागील कड फाटत नाही. काम संपल्यावर पाते पुसून, तेलाचा हात देऊन, कापडाच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावे. खोक्यात एकावर एक टाकलेली पाती परस्परांची नखे बोथट करतात.

सर्वांत मोलाचा उपयोग मात्र याहून निराळा आहे. वर्षारंभी गावातील अनुभवी सुतारास शाळेत बोलवावे, त्याच्यासमोर शाळेची पाती ठेवावीत आणि प्रत्येक पात्याचे छिद्र मुलांकडून पाडून घ्यावे. त्या छिद्रांच्या फळीवर प्रत्येक पात्याचा अंक व दोष मुलांनीच लिहावा. ही फळी वर्गात टांगून ठेवावी. पुढे एखाद्या मुलाचे छिद्र बिघडले, तर त्याने प्रथम आपला हात तपासावा, मग पाते तपासावे, आणि दोष कोठे आहे ते पुराव्यानिशी सांगावे. ‘अंगण वाकडे’ ही सबब त्याला मिळू नये. परंतु अंगण खरोखरच वाकडे असेल, तर ते ओळंब्याने व गुण्याने दाखवून देण्याची बुद्धी व धीटपणा त्याच्या अंगी यावा.

चांगले पाते लाकडात शिरते तेव्हा ब्रेस फिरविणाऱ्या मुलाला एक सौम्य ओढ जाणवते. हत्यार आपल्याबरोबर काम करीत आहे, असा विश्वास त्याला वाटतो. तो विश्वास ज्याला एकदा लाभला, तो मुलगा सुतार होवो वा न होवो, हाताने काम करण्यास भिणार नाही. त्यासाठी शिक्षकाने नव्या पात्याच्या शेवटच्या अर्ध्या इंचाकडे दोन मिनिटे लक्षपूर्वक पाहावे, एवढेच अपेक्षित आहे.